घरचा प्रोजेक्टर पडदा: १२० इंचांचा हट्ट आणि १३७ सेंटिमीटरचं कापड

पार्श्वभूमी

थोरली बहीण आणि धाकटा भाऊ, दोघं एकाच घरात राहणारे. बहिणीला सिनेमाचं वेड, भावाला सुतारकामाची हौस. त्यांची नावं इथे गरजेची नाहीत. माझ्याकडे लक्समीटर (पडणारा उजेड मोजायचं यंत्र) होता आणि जिथे तिथे मोजत बसायची खोड, त्यामुळे मी या प्रकरणात ओढला गेलो.

खोली ४.२ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद. भिंती फिक्या क्रीम रंगाच्या, छत पांढरंशुभ्र, एका बाजूला खिडकी. सोफ्यावर बसणाऱ्याचे डोळे समोरच्या भिंतीपासून ३.३ मीटरवर येतात. प्रोजेक्टर आधीच घरात आलेला होता: एलईडी दिव्याचा, एकाच एलसीडी पॅनेलचा, १९२० × १०८० पिक्सेलचा. लेन्सला झूम नाही. थ्रो रेशो १.३५, म्हणजे चित्र जेवढं रुंद हवं त्याच्या १.३५ पट अंतरावर प्रोजेक्टर टांगावा लागणार. खोक्यावर ल्युमेनचा, म्हणजे एकूण उजेडाचा, आकडा हजारांत छापलेला होता. त्या आकड्याकडे पुढे येऊच.

सुरुवातीला ते सरळ भिंतीवरच सिनेमे बघत होते. एका दृष्टीने हे बरं झालं. पडदा कुठे, किती उंचीवर आणि कोणत्या वेळी बघायचा हे त्यांना सवयीने कळलं होतं. पाहणं बहुतेक रात्रीचंच, खिडकीचा जाड पडदा ओढून.

अडचण

तक्रारी तीन होत्या आणि तिन्ही वेगवेगळ्या कारणांच्या होत्या. दोघं मात्र त्यांना एकच समजत होते: "भिंत चांगली नाही."

पहिली तक्रार लाटांची. मॅचमध्ये कॅमेरा हिरव्या मैदानावरून सरकू लागला की चित्रात पुट्टीच्या थापीचे पट्टे उमटत. स्थिर दृश्यात ते दिसत नसत, कॅमेरा हलला की लगेच दिसत. अंधारात भिंतीला चिकटवून तिरका टॉर्च धरला तेव्हा सगळे उंचवटे सावल्यांसकट समोर आले. दुसरी तक्रार रंगाची: पांढरा शर्ट पिवळट दिसायचा. भिंतच क्रीम, तेव्हा यात नवल नव्हतं. तिसरी तक्रार सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चिवट: रात्रीचं दृश्य आलं की काळ्याच्या जागी धुरकट राखाडी दिसे.

पहिल्या दोन तक्रारी पडद्याने सुटतात. तिसरी पडद्याने थोडीच सुटते, आणि हे आधी समजलं असतं तर पुढचा बराच वाद वाचला असता.

आकाराचा वाद

बहिणीला पडद्याचा कर्ण १२० इंच हवा होता. त्याहून लहान काही करायचं असेल तर खटाटोपच नको, असं तिचं म्हणणं. भावाला १०० इंच पुरेसे वाटत होते, पण त्याच्याकडे कारण नव्हतं, नुसता अंदाज होता. मी म्हटलं, आधी उजेड मोजू.

भिंतीवर चिकटपट्टीने १०० इंच कर्णाचा १६:९ चौकोन आखला. २२१ सेंटिमीटर रुंद आणि १२४.५ सेंटिमीटर उंच. क्षेत्रफळ २.७६ चौरस मीटर. प्रोजेक्टर 'सिनेमा' मोडवर, पूर्ण पांढरी प्रतिमा लावलेली. चौकोन तीन बाय तीन अशा नऊ भागांत वाटून प्रत्येकाच्या मध्यावर लक्स, म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारा उजेड, मोजले. मधोमध सर्वांत जास्त, कोपऱ्यांकडे बरेच कमी, सरासरी १९०. लक्सला क्षेत्रफळाने गुणलं की ल्युमेन मिळतात: साधारण ५२४. खोक्यावरच्या आकड्याच्या कित्येक पट खाली. 'ब्राइट' मोडमध्ये आकडा वाढत होता, पण माणसांचे चेहरे हिरवट पडत होते. तो मोड सिनेमासाठी बाद.

हा आकडा हातात आल्यावर बाकीचं गणित सोपं होतं. पडद्यावर पडणारे लक्स गुणिले पडद्याचा गेन, भागिले पाय (π, म्हणजे ३.१४), म्हणजे डोळ्याला दिसणारी चकाकी निट या एककात. गेन १ म्हणजे पडलेला सगळा प्रकाश सर्व दिशांना सारखा परतवणारा आदर्श पांढरा पृष्ठभाग. घरच्या पडद्यासाठी आम्ही हिशेबाला ०.९ धरला. १०० इंचांवर चकाकी आली ५४ निट. तोच प्रकाश १२० इंचांच्या ३.९७ चौरस मीटरवर पसरला तर ३८. डिजिटल सिनेमागृहांसाठीचं मानक ४८ निटचं आहे. म्हणजे १०० इंचांवर हा प्रोजेक्टर अंधाऱ्या खोलीत थिएटरच्या बरोबरीला होता आणि १२० वर चांगलाच खाली.

"अरे, ३८ काय नि ५४ काय, अंधारात डोळे सरावतातच की," बहिणीचं उत्तर.

तिचं अगदीच चुकत नव्हतं. डोळे सरावतात. पण सिनेमातले दिवसाच्या उजेडातले सीन फिके पडतात, आणि एलईडीसुद्धा वर्षांगणिक थोडा मंदावतो. सुरुवातीलाच काठावर असाल तर पुढे उतारच आहे. तिला शेवटी पटलं ते मात्र निटमुळे नाही. १२० इंचांचं चित्र २६६ सेंटिमीटर रुंद, भोवती काळी किनार, आणि भिंत तीनच मीटर. स्पीकर ठेवायला जागाच उरत नव्हती. शिवाय ३.३ मीटरवरून १०० इंचांचं चित्र नजरेचा साधारण ३७ अंशांचा कोन व्यापतं. घरगुती थिएटरसाठी ३० ते ४० अंश ही सर्वसाधारण शिफारस. १२० वर तो कोन ४४ अंशांच्या आसपास जातो आणि सबटायटल वाचायला मान खालीवर करावी लागते. भिंतीवर १२० चा चौकोन आखून, सबटायटलवाला सिनेमा त्या आकारात लावून तिने स्वतःच पाहिलं. मध्यंतराच्या आधीच तिने "१०० करू" म्हटलं.

आकार आधी ठरला, सामान नंतर. हा क्रम या प्रकरणातला सगळ्यात फायद्याचा निर्णय होता असं मला वाटतं. बहुतेक ठिकाणी उलट होतं: आधी कापड घरात येतं आणि मग कापडाएवढा पडदा होतो.

पडदा कशाचा

भिंतच घासून मॅट पांढरा रंग द्यायचा, हा पहिला पर्याय. चौकट नाही, टांगणं नाही. पण टॉर्चने दाखवलेल्या लाटा काढायला पूर्ण भिंत पुन्हा पुट्टी करून घासावी लागली असती आणि रोलरची खडबड वेगळीच. या खोलीपुरता हा पर्याय तिथेच संपला. सपाट भिंत असेल त्याने मात्र आधी हाच विचार करावा.

दुसरा पर्याय एमडीएफच्या फळीचा. आठ बाय चार फुटांची, म्हणजे २४४ × १२२ सेंटिमीटरची फळी जोड न देता ९८ इंचांचा पडदा देते, हा योगायोग मोहात पाडणारा आहे. १२ मिलिमीटर जाडीची अख्खी फळी साधारण २७ किलो भरते. दोघांनी जिन्याच्या वळणावर टेप धरून पाहिला आणि तो विषय काढायचं बंद केलं.

मागे स्पीकर ठेवता यावेत म्हणून काहीजण ताणलं जाणारं स्पँडेक्स वापरतात. आवाज आरपार जातो, पण उजेडही जातो आणि मागे काळं अस्तर लागतं. इथे स्पीकर बाजूलाच होते, त्यामुळे प्रश्नच नव्हता. साधी चादर तर त्यांनी आधी लावून पाहिलीच होती. निम्मा उजेड चादरीतून आरपार जाऊन मागच्या क्रीम भिंतीवर आपटून परत येई आणि चित्राच्या कडा मऊ होत.

खरी स्पर्धा दोघांत लागली: छपाईचं पांढरं फ्लेक्स आणि पडद्यांना मागून लावतात ते ब्लॅकआउट कापड. भावाचा कल फ्लेक्सकडे. रुंद मिळतं, ताणायला सोपं, पुसता येतं.

तुकडे आणून भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवले: फ्लेक्स, ब्लॅकआउटची कोटिंगची बाजू, त्याचीच विणीची बाजू, आणि मधे छपाईचा कोरा कागद. पूर्ण पांढरी प्रतिमा सोडली. सोफ्याच्या मधोमध बसून पाहिलं तर फ्लेक्स सगळ्यांत उजळ. भाऊ खूश. मग त्याला सोफ्याच्या डाव्या टोकाला बसवलं. तिथून तोच तुकडा कागदापेक्षाही मळका दिसत होता, आणि डोकं हलवलं की त्यावर लेन्सच्या उजेडाचा एक फिकट ठिपका डोक्याबरोबर सरकत होता. पृष्ठभाग थोडा जरी चकचकीत असला की प्रकाश आरशासारखा एका दिशेला जास्त परततो. मधोमध बसलेल्याला बक्षीस, कडेच्याला शिक्षा. हे पूर्ण आकाराच्या पडद्यावर झालं की चित्राचा मधला भाग कायम उजळलेला दिसतो. ब्लॅकआउटच्या दोन्ही बाजू कुठूनही बघितल्या तरी कागदाच्या जवळपास होत्या. कोटिंगची बाजू किंचित जास्त पांढरी आणि सपाट. पिक्सेलचा आकार १.१५ मिलिमीटर येणार होता. विणीचे धागे त्यापेक्षा पुष्कळ बारीक असल्याने विणीची बाजूही चालली असती, पण कोटिंगची बाजू धरायचं ठरलं. मागे टॉर्च लावून पाहिला, उजेड आरपार येत नव्हता.

कॅमेऱ्यात फोटो काढून तुलना करणार असाल तर एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही हाताने पक्के करा. कॅमेरा आपल्या बुद्धीने सगळेच तुकडे सारखे पांढरे करून दाखवतो.

राखाडी पडद्याचा मोह

इथे थोडं थांबतो, कारण हा मुद्दा जवळपास प्रत्येकाच्या डोक्यात येतो. काळा रंग धुरकट दिसतो ना, मग पडदाच राखाडी करू. बहिणीने कुठेतरी वाचलं होतं आणि ती त्यावर अडून होती.

राखाडी पृष्ठभाग काळा भाग गडद करतो, हे खरं. पण पांढराही तेवढ्याच प्रमाणात गडद करतो. खिडकीतून येणारा उजेड असो वा प्रोजेक्टरचा, पडदा दोन्ही सारखेच गिळतो, त्यामुळे त्यांचं आपसातलं गुणोत्तर तसंच राहतं. एकाच बाबतीत राखाडीला खरा फायदा आहे. पडद्यावरून उडालेला उजेड छतावर, भिंतींवर आपटून पुन्हा पडद्यावर येतो. हा परतीचा उजेड राखाडी पडदा दोनदा गिळतो. म्हणून खोली फिकी आणि प्रोजेक्टर दांडगा असेल तर राखाडी उपयोगी पडतो. रंगांना क्रमांक देणाऱ्या मुनसेल पद्धतीतला एन८ राखाडी जेमतेम ६० टक्के प्रकाश परत देतो. इथे हातात होते ५२४ ल्युमेन. १०० इंचांवरचे ५४ निट उतरून पस्तिसाच्या घरात आले असते. १२० इंच ज्या कारणाने नाकारले, तेच नुकसान रंगाच्या रूपाने परत ओढवून घेण्यासारखं होतं.

पांढराच ठरला. काळ्या रंगाची तक्रार खोलीकडे ढकलली.

चौकटीचा हिशेब

कापडाचा पन्हा १३७ सेंटिमीटर. २८० सेंटिमीटरचंही मिळतं, पण त्यांना आवडलेली प्रत १३७ मध्येच होती. कापड चौकटीवरून वळवून मागे स्टेपल करायचं, तर दोन्ही बाजूंना पट्टीची २ सेंटिमीटर जाडी आणि मागे पकडायला ४ सेंटिमीटर सोडावे लागतात. १३७ मधून १२ गेले, उरले १२५. म्हणजे चौकटीची उंची १२५ सेंटिमीटर, आणि १०० इंचांना हवी १२४.५. अगदी तोंडाला तोंड जुळलं.

आणि इथेच ते फसता फसता राहिले. पडद्याभोवती साडेसहा सेंटिमीटर रुंद काळी मखमली किनार करायची होती. भावाच्या चित्रात ती किनार चौकटीच्या पट्ट्यांवरच, कापडाच्या वरून बसत होती. लाकडी पट्टीची रुंदीही साडेसहा, म्हणून ते दिसायला छान जमत होतं. पण मग दिसणारी उंची १२५ वजा १३, म्हणजे ११२ सेंटिमीटर. १०० इंचांचा पडदा ९० वर आला असता. लाकूड कापायच्या आदल्या संध्याकाळी कागदावर बेरजा करताना बहिणीच्या हे लक्षात आलं. "अरे, किनार पडद्याच्या आत येतेय की बाहेर?" तिने विचारलं आणि भावाने पेन्सिल खाली ठेवली.

दोन वाटा होत्या. जास्त पन्ह्याचं कापड घ्यायचं, किंवा किनार वेगळी करायची. त्यांनी दुसरी धरली: मखमल गुंडाळलेल्या चार स्वतंत्र पट्ट्या, चौकटीच्या बाहेर स्क्रूने जोडलेल्या, कापडावर फक्त ५ मिलिमीटर चढणाऱ्या. चौकट २२१.४ × १२५ सेंटिमीटर, दिसणारा भाग २२०.४ × १२४. गुणोत्तर बरोबर १६:९ आणि कर्ण १०० इंचांना जेमतेम अर्धा इंच कमी.

प्रत्यक्ष काम

लाकूड वाळलेलं पाइन, साडेसहा बाय दोन सेंटिमीटरच्या पट्ट्या. निवडताना प्रत्येक पट्टी डोळ्याशी धरून टोकाकडे पाहिलं. बाक एकवेळ चालतो, ताणून सरळ करता येतो. पीळ चालत नाही. पीळ असलेल्या पट्टीचा एक कोपरा भिंतीपासून कायम उचललेला राहतो.

कोपरे ४५ अंशांवर कापून गोंद लावून जोडले, मागून लोखंडी एल-पट्ट्या स्क्रूने कसल्या. गोंद ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजले. दोन्ही २५४ सेंटिमीटरच्या थोडे वर आणि एकसारखे हवेत. एक कर्ण काही मिलिमीटर जास्त भरला, तेव्हा लांब कर्णाच्या दोन टोकांना दाबून चौकट जागेवर आणली आणि गोंद सुकेपर्यंत तशीच जखडून ठेवली. एवढ्या लांबीवर गुण्यापेक्षा (काटकोन तपासायच्या हत्यारापेक्षा) कर्णाचा भरवसा जास्त. मधोमध एक उभी पट्टी दिली, पुढच्या पातळीपासून सेंटिमीटरभर मागे, कापडाला टेकणार नाही अशी.

कापड पहिल्यांदा आलं ते घडी घालून. कोटिंगवर घडीची खूण बसली की ती ताणूनही पुरती जात नाही, आणि कोटिंगच्या बाजूने इस्त्री फिरवणं म्हणजे कापड वाया घालवणं. विणीच्या बाजूने ओला कपडा ठेवून हलकी वाफ द्यावी का, यावर चर्चा झाली. त्यांनी ते परत केलं आणि पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेलं मागवलं. काम लांबलं, पण योग्य केलं असं माझं मत. पडद्यात मधोमध उभी रेघ असली की ती प्रत्येक आकाशात दिसते.

जमिनीवर स्वच्छ चादर, तिच्यावर कापडाची कोटिंगची बाजू खाली, वर चौकट. स्टेपल मारण्याचा क्रम महत्त्वाचा: वरच्या बाजूच्या मध्यावर एक, समोर खालच्या मध्यावर एक, मग डावा मध्य, उजवा मध्य. तिथून आळीपाळीने दोन्हीकडे सरकत कोपऱ्यांकडे जायचं, चार-पाच सेंटिमीटरच्या अंतराने, कोपरे शेवटी. एक बाजू आधी पूर्ण करून टाकली की समोरच्या बाजूला तिरक्या चुण्या पडतातच. एकाने कापड ओढायचं, दुसऱ्याने गन चालवायची. बहिणीचा हात ओढण्यात सारखा होता, भाऊ जोर जास्त लावायचा. त्याचा परिणाम उचलून उभं केल्यावर दिसला. लांब पट्ट्या आत ओढल्या जाऊन चौकट डमरूसारखी होऊ लागली होती. मध्यावर ती उभी आडकाठी असल्याने तिथे उंची शाबूत होती, पण तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार मिलिमीटरचा बाक. किनार पाचच मिलिमीटर चढणार होती. बाकाच्या जागी ती कापडावर जेमतेम मिलिमीटरभरच चढली असती.

पर्याय असे: स्टेपल काढून सैल ताणायचं, की आणखी आडकाठ्या द्यायच्या? सैल कापडाला पुढे झोल पडतो. त्यांनी मागून आणखी दोन उभ्या पट्ट्या आतून ठोकून बसवल्या, किंचित जास्त लांबीच्या, म्हणजे त्या चौकटीच्या लांब पट्ट्यांना बाहेर रेटतील. बाक गेला. कापडही आणखी ताणलं गेलं.

टांगण्यासाठी ४५ अंशांचा काप दिलेल्या दोन पट्ट्या वापरल्या. एक भिंतीला, एक चौकटीला, तिरके काप एकमेकांत अडकतात. या पद्धतीत पडदा डावी-उजवीकडे सरकवता येतो, हा मोठा फायदा. दिसणारी खालची कड जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर ठेवली. बसलेल्या माणसाचे डोळे मग पडद्याच्या खालच्या एकतृतीयांशाच्या पातळीवर येतात.

प्रोजेक्टरचा ब्रॅकेट छताला शेवटी लावला, पडदा टांगून झाल्यावर. झूम नसलेल्या लेन्सला दुसरा इलाज नाही. अंतर हिशेबाने २.९८ मीटर, प्रत्यक्ष जागा चित्र पाडून ठरवली. हा प्रोजेक्टर उलटा टांगला की लेन्सची पातळी चित्राच्या वरच्या कडेशी येते, तशी ती आणली. थोडा तिरकेपणा उरला तेव्हा भाऊ रिमोटवरून कीस्टोन करायला निघाला होता. त्याला थांबवलं. कीस्टोन म्हणजे पॅनेलच्या थोड्या भागात चित्र आवळणं. पिक्सेल वाया जातात आणि उरलेल्या भागातूनही मंद उजेड झिरपतो, जो चित्राभोवती राखाडी चौकटीसारखा दिसतो. ब्रॅकेटखाली पातळ पॅकिंग सरकवून तोच तिरकेपणा गेला.

परिणाम

लाटा गेल्या. पांढरा पांढरा झाला. सोफ्याच्या कोणत्याही टोकाला बसा, चित्र सारखं. मखमलीने तर कमाल केली. चित्राची कड दोन-तीन मिलिमीटर बाहेर सांडते ती तिच्यात जिरून जाते आणि कड कापल्यासारखी दिसते.

काळा मात्र पहिल्या रात्रीही धुरकटच होता. बहिणीचा चेहरा पडला. ती पुन्हा राखाडीवर आली.

तेव्हा पांढऱ्या-काळ्या चौकोनांचं बुद्धिबळी चित्र लावून काळ्या चौकोनात लक्समीटर धरला. तिथे जवळपास ४ लक्स भरत होते. मग भावाने काळं ब्लँकेट पडद्याच्या वर छताखाली आडवं ताणून धरलं. मीटरचा आकडा उतरला आणि बहिणीला मीटरकडे न बघताच फरक दिसला. काळ्यावर पडणारा बराचसा उजेड पांढऱ्या चौकोनांवरून छताला आणि क्रीम भिंतींना लागून परत येत होता.

मी म्हटलं, छताचा पुढचा मीटरभर पट्टा गडद मॅट रंगवा. बहिणीने साफ नकार दिला. दिवसा ती बैठकीची खोली आहे आणि डोक्यावर काळा पट्टा तिला नको होता. हा वाद पडद्याच्या आकारापेक्षा लांबला. तोडगा भावाने काढला: हलक्या चौकटीवर ताणलेलं काळं कापड, छताला हुकांवर अडकवायचं आणि सिनेमा संपला की काढायचं. दोन्ही बाजूंना गडद पडदे, रात्री ओढायचे. हे सगळं लावून काळ्या चौकोनातले लक्स जवळजवळ निम्म्यावर आले. एका राखाडी थेंबाशिवाय कॉन्ट्रास्ट दुप्पट झाला आणि पांढऱ्यातला एक निटही खर्ची पडला नाही. अर्थात रोजच्या मालिकेसाठी छताचं कापड कोणी अडकवत नाही, ते सिनेमालाच निघतं.

वेगळं काय करता आलं असतं

चौकटीच्या पुढच्या बाहेरच्या कडेला अर्धगोल बारीक पट्टी आधीच ठोकायला हवी होती, किंवा रंध्याने पट्ट्यांना आतल्या बाजूस उतार द्यायला हवा होता. चित्रकार कॅनव्हासच्या चौकटीला हेच करतात. कापड मग फक्त बाहेरच्या कडेवर टेकतं. इथे पट्ट्या सपाट होत्या. पुढे हवा ओलसर झाली, कापड किंचित सैलावलं आणि लाकडाच्या आतल्या कडेवर टेकलं. बर्फाच्या किंवा ढगांच्या दृश्यात कडेपासून साडेसहा सेंटिमीटरवर एक पुसट रेघ दिसू लागली. खालची बाजू उसवून, अर्धगोल पट्टी बसवून, पुन्हा ताणून त्यांनी ते निस्तरलं. पण अर्धगोल पट्टीने कापडाची आणखी थोडी लांबी खाल्ली आणि मागे पकडायला जेमतेम तीन सेंटिमीटर राहिले. सुरुवातीलाच हिशेबात धरलं असतं तर चौकट सेंटिमीटरभर कमी उंचीची केली असती.

मागच्या तीनही आडकाठ्या पहिल्यापासूनच हव्या होत्या. दोन मीटरच्या वर गेलेल्या लाकडी पट्टीला एकच आडकाठी पुरेल, हा अंदाज जरा जास्तच भाबडा होता. चौकोनी ॲल्युमिनियम नळी घेतली असती तर बाक आणि ओलावा दोन्हींचा प्रश्न कमी झाला असता, पण भावाला लाकडावरच काम करायचं होतं आणि तीही एक बाजू आहेच.

खोलीची चाचणी सर्वांत आधी करता आली असती. बुद्धिबळी चित्र, काळं ब्लँकेट आणि लक्समीटर हे तिन्ही पहिल्या दिवसापासून घरात होतं. भिंतीवर बघत असतानाच ब्लँकेट छताखाली धरलं असतं तर राखाडी रंगावरची चर्चा सुरूच झाली नसती. लक्समीटर नसेल तर नुसत्या डोळ्यांनीही हा फरक कळतो.

बहिणीच्या मनातून १२० इंच अजून गेलेले नाहीत. त्यासाठी आधी प्रोजेक्टर बदलावा लागेल. याच कापडाच्या ०.९ गेनवर ३.९७ चौरस मीटरला ४८ निट हवे असतील तर सिनेमा मोडमध्ये मोजलेले सुमारे ६६५ ल्युमेन लागतात, आणि दिवा मंदावण्याची सोय धरली तर त्याहून चांगलेच जास्त. कापड २८० च्या पन्ह्याचं, चौकट मधोमध बोल्टने जोडलेली दोन तुकड्यांची, कारण जिन्याचं वळण तेच आहे. आणि स्पीकर मग पडद्याच्या बाजूला नाही, खाली.